साताऱ्यात राहून मुलीला आइस हॉकीची सुरुवात कशी करून द्यावी?

शाहूपुरी

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची असून चौथीत शिकते. तिचे वडील सैन्यात आहेत आणि सध्या त्यांची नेमणूक लडाखमध्ये आहे. जानेवारीत त्यांनी लेहजवळच्या एका गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळणाऱ्या मुलींचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर पाठवले. जाळीची हेल्मेट घातलेल्या, तिच्याहून थोड्याच मोठ्या दिसणाऱ्या त्या मुली बर्फावरून ज्या वेगाने येत होत्या आणि ज्या सहजतेने जागच्या जागी वळत होत्या, ते पाहून ती अक्षरशः स्तब्ध झाली. तेव्हापासून लांब दांड्याचा झाडू उलटा धरून बाटलीचे झाकण अंगणातल्या फरशीवर मारत राहणे हा तिचा रोजचा खेळ झाला आहे. आठवड्याभरात हे वेड उतरेल अशी माझी समजूत होती, परंतु आता पाच महिने झाले आहेत आणि वाढदिवसाला काय हवे असे विचारल्यावर तिने स्केट्सशिवाय दुसरे काहीही मागितलेले नाही.

माझी अडचण उघड आहे. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले तरी त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात; तिथे बर्फाचे मैदान कोठून आणायचे? मी शहरातल्या एका स्केटिंग वर्गात चौकशी केली. त्यांनी सांगितले की सर्व मुलांना स्पीड स्केटिंगच शिकवले जाते, स्केट्स त्यांच्याकडूनच घ्यावे लागतील आणि मुलगी वाढत्या वयाची असल्याने दोन मापे मोठे घ्यावेत. मला यातले काही कळत नाही, म्हणून पैसे न भरता परत आले.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. चाकांवरचे स्केटिंग शिकून पुढे बर्फावर खरोखर खेळता येते का, आणि येत असेल तर सुरुवातीला नेमके काय विकत घ्यावे? या खेळात धक्काबुक्की फार असते असे ऐकले आहे, तर ९ वर्षांच्या मुलीसाठी तो सुरक्षित आहे का? आणि तिसरा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. ज्या खेळाचे मैदान शेकडो कोस दूर आहे त्याची ओढ मुलीला लावणे योग्य आहे का, की आताच समजावून तिचे मन दुसरीकडे वळवावे?

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीची. माझी दोन्ही मुले चाकांवरची हॉकी खेळतच मोठी झाली आणि आता मी रविवारी सकाळी लहान मुलांचा सराव घेते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘हो’ असे आहे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये लेहला बर्फावर स्केटिंगची पदके जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे पाहा. आपल्या राज्यात नैसर्गिक बर्फ कोठेच नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पाय आधी चाकांवरच तयार झालेले असतात.

आइस हॉकी हा हातात काठी घेऊन खेळायचा खेळ दिसतो, पण तो आधी पायांचा खेळ आहे. ज्या मुलाला आपल्या पायांचा विचार करावा लागतो त्याची मान खाली राहते आणि ज्याची मान खाली राहते त्याला समोरचा खेळाडू दिसत नाही. म्हणून पहिले वर्ष निव्वळ स्केटिंगला द्यावे. ९ वर्षे हे वय उशिराचे मुळीच नाही. थंड देशांत मुले पाचव्या वर्षी सुरुवात करतात हे खरे, परंतु या वयाचे मूल सांगितलेले ऐकते, त्याला तोल कळतो आणि पडल्यावर ते कारण विचारते. तिन्ही गोष्टी शिकवणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत.

आता खरेदीबद्दल, कारण बहुतेक पालकांची फसगत येथेच होते. बाजारात तीन प्रकारचे स्केट्स दिसतात. दोन-दोन चाकांच्या जोडीचे क्वाड, एका ओळीत मोठी चाके असलेले स्पीडचे, आणि एका ओळीत चार लहान चाके असलेले इनलाइन. तुम्हाला तिसरा प्रकार हवा. स्पीडच्या स्केट्सचा बूट घोट्याच्या खाली संपतो आणि चाके ९० ते ११० मिलिमीटरची असतात. सरळ रेषेत वेग घेण्यासाठी ते उत्तम, पण हॉकीत दर दोन-तीन सेकंदांनी वळावे लागते. हॉकीसाठी घोटा पूर्ण झाकणारा घट्ट बूट आणि साधारण ७२ ते ८० मिलिमीटरची चाके असावीत. सिमेंटच्या जागेवर सराव करणार असाल तर चाके जरा कडक, म्हणजे कडकपणाचा अंक ८२ किंवा त्याहून अधिक असलेली घ्या. ७४ किंवा ७६ अंकाची मऊ चाके बंदिस्त हॉलच्या गुळगुळीत फरशीसाठी असतात आणि सिमेंटवर महिन्या-दोन महिन्यांत झिजतात. सुरुवातीचा बरा जोड तीन ते पाच हजार रुपयांत मिळतो. पहिल्या वर्षी त्याहून महाग घेण्याची गरज नाही.

मापाबद्दल विशेष सांगते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवून घेतो, पण स्केट्स कधीही वाढत्या पायाचे घेऊ नयेत. बूट सैल असला की घोटा आत लुळा पडतो, मूल दोन्ही पाय आत झुकवून चालू लागते, आणि पालकांना वाटते की मुलीचे पायच कमकुवत आहेत. उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवल्यावर टाच मागे घट्ट बसून बोटे किंचित मोकळी व्हावीत. एवढे पाहिले की माप बरोबर आहे असे समजा. वाढत्या पायाची काळजी असेल तर बटण दाबून लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट्स मिळतात. ते दोन वर्षे सहज पुरतात.

कोणत्याही वर्गात गेलात तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्पीड स्केटिंग कायम एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, होते. त्यामुळे त्या मुलांचे डावीकडचे वळण सुंदर असते आणि उजवीकडे वळताना ती अडखळतात. हॉकीत दोन्ही बाजू सारख्या लागतात. वर्ग स्पीडचाच असेल तरी हरकत नाही, तोल तेथेही येतो. मात्र वर्ग सुटल्यावर रोज दहा मिनिटे तिच्याकडून उजवीकडची वळणे करून घ्या. पडायला आणि उठायला शिकणे सर्वांत आधी, त्यानंतर थांबणे, मग उलटे जाणे, मग पायावरून पाय टाकत वळणे. काठी हातात देण्याची घाई करू नका, कारण काठी मिळाली की मुले तिचा कुबडीसारखा आधार घेतात आणि तोल शिकायचे थांबतात.

विश्रामबाग ते ब्रॅम्प्टन

मी मूळचा सांगलीच्या विश्रामबागचा, आता बरीच वर्षे कॅनडात टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. माझी मुलगी सहाव्या वर्षापासून आइस हॉकी खेळते आहे, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे सुरक्षिततेबद्दल, अधिकाराने नाही तरी अनुभवाने लिहू शकतो.

दूरदर्शनवर दिसणारी मोठ्या पुरुषांची हॉकी आणि मुलांची हॉकी हे दोन वेगळे खेळ आहेत असे समजून चाला. अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणे याला इथे ‘बॉडी चेकिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या संघटनेने २०११ मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातून ते काढून टाकले, त्यामुळे आता १३ व्या वर्षाआधी त्याला परवानगी नाही. वरच्या वयातही फक्त काही स्पर्धात्मक गटांतच ते चालते. कृष्णाकाठ ताई ज्या चाकांवरच्या हॉकीबद्दल लिहीत आहेत तीत तर कोणत्याच वयात धडक मारता येत नाही. पडणे होतेच, पण संरक्षक साहित्य पूर्ण असेल तर ९ वर्षांचे मूल स्वतःच्या वेगाने पडून फारसे जखमी होत नाही.

इथे लहान मुलांची हॉकी कशी चालते ते सांगतो, कारण त्यातून साताऱ्यात घेण्यासारखे बरेच आहे. पूर्ण मैदान साधारण ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद असते. सहा वर्षांच्या मुलाला एवढ्या मैदानावर सोडले तर पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती, त्याच्याजवळ क्वचितच येतो आणि ते नुसते धावत राहते. म्हणून कॅनडात सर्वांत लहान गटाचे सामने अर्ध्या मैदानावर होतात. अमेरिकेत ८ वर्षांखालील मुलांसाठी मैदानाचे आडवे भाग पाडून एकाच वेळी दोन-तीन खेळ चालवतात. पकही हलका असतो. मोठ्यांचा काळा पक सुमारे १७० ग्रॅमचा असतो, तर लहानांचा निळा पक सुमारे ११३ ग्रॅमचा, कारण जड पक मारण्यासाठी लहान मूल सगळे अंग फेकते आणि मनगट वापरायला शिकतच नाही. तुमच्या अंगणातले बाटलीचे झाकण या दृष्टीने वाईट साधन नाही.

साहित्याची यादी लांब आहे, पण त्यात क्रम आहे. डोक्याला पूर्ण जाळीचे हेल्मेट, दातांसाठी गार्ड, गळ्याभोवती कापापासून वाचवणारा पट्टा, मग खांदा, कोपर, हातमोजे, जाड भरावाची अर्धी चड्डी आणि नडगीचे पॅड. गळ्याच्या पट्ट्याकडे पूर्वी अनेक देशांत दुर्लक्ष होत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील एका सामन्यात अॅडम जॉन्सन या व्यावसायिक खेळाडूचा गळ्याला पात्याची जखम होऊन मृत्यू झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने मोठ्या गटांतही तो सक्तीचा केला. मुलांसाठी इथे तो त्याच्या खूप आधीपासून सक्तीचा आहे. चाकांवर शिकताना गळ्याचा पट्टा नसला तरी चालेल. पण बर्फावर पाऊल ठेवण्याच्या पहिल्या दिवसापासून त्यावर तडजोड करू नका. बाकीचे साहित्य कोणी नातेवाईक वापरलेले आणून देत असतील तर आनंदाने घ्या, हेल्मेट मात्र नवे घ्या. आतला फेस वयाने कडक होतो आणि आधी बसलेला मार बाहेरून दिसत नाही.

काठीची उंची मोजण्याची सोपी रीत म्हणजे, अनवाणी उभे राहून काठी टोकावर उभी धरली तर ती नाकापर्यंत यावी आणि स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. लांब काठी मुलाला ताठ उभे करते आणि हॉकीत ताठ उभे राहणे हीच सर्वांत मोठी चूक आहे. काठी करवतीने कापता येते, म्हणून जरा मोठी घेऊन कापून वापरावी.

चाकांवरून बर्फावर जाताना एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे थांबणे. बर्फाच्या पात्याला मध्ये खोबण आणि दोन्ही बाजूंना दोन धारा असतात; पाय आडवे केले की धार बर्फ खरवडत सरकते आणि माणूस थांबतो. चाके तशी सरकत नाहीत, ती जमीन पकडतात, त्यामुळे चाकांवर वाढलेले मूल सुरुवातीला बर्फावर पाय आडवा करायला घाबरते. माझ्या मुलीबरोबर खेळणारा एक मुलगा दुबईतून आला होता आणि तो आधी फक्त इनलाइन खेळलेला होता. पहिले चार-पाच दिवस तो कठड्याला धडकूनच थांबत असे, पण महिन्याभरात त्याचे उलटे स्केटिंग आमच्या गटातल्या अनेकांपेक्षा सफाईदार होते.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. आमच्या ओंटारिओ प्रांतात मुलाची नोंदणी करताना घरातल्या एका पालकाला वर्तनाबद्दलचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, कारण गॅलरीतून ओरडणाऱ्या पालकांमुळे खेळ सोडणारी मुले इथल्या लोकांनी पाहिली आहेत. त्यातली एक सूचना मी आजही पाळतो. परतीच्या प्रवासात गाडीत मुलीच्या खेळावर मी आपणहून बोलत नाही. तिने विषय काढला तरच बोलतो.

फलटणकर

ताई, वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही वेगळे मत मांडतो आणि ते तुमच्या तिसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहे. मी फलटण तालुक्यातला आहे आणि मैदानी हॉकीशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे. आपल्या जिल्ह्यात हॉकीची काठी हातात धरण्याची परंपरा आहे. आसू गावची वैष्णवी फाळके याच मातीतून भारताच्या महिला संघापर्यंत पोचली. मुलीला हॉकीची ओढ असेल तर शाळेच्या मैदानावर रोज खेळता येणारी, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असलेली हॉकी समोर असताना वर्षातून एकदा दिसणाऱ्या बर्फामागे का जावे? मुलाला सराव जितका लागतो त्याहून अधिक सामने लागतात. हरणे, जिंकणे, राखीव खेळाडू म्हणून बाहेर बसणे, पुन्हा संघात येणे, हे सामन्यांशिवाय कळत नाही. तुमच्या मुलीला पहिली दोन वर्षे सामनाच मिळाला नाही तर तिची आवड किती टिकेल, याचा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

शिवाय वाकून धावण्याची सवय, जोडीदाराला पाहून चेंडू देणे, मोकळ्या जागेत जाणे या गोष्टी दोन्ही हॉकींना सामाईक आहेत. बर्फाची संधी पुढे आली तर त्या वाया जाणार नाहीत.

कृष्णाकाठ

फलटणकर दादा, सामन्यांबद्दलचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि मी तो माझ्या उत्तरात लिहायला हवा होता. मात्र सामने फक्त मैदानी हॉकीतच मिळतात असे नाही. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीत रोलर हॉकी आणि इनलाइन हॉकी या दोन्हींच्या स्पर्धा होतात, आणि जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत तेथेही पायऱ्या आहेत. रोलर हॉकी क्वाडवर, कडक चेंडूने आणि आखूड वाकड्या काठीने खेळतात. इनलाइन हॉकी पकने खेळतात, तिची काठी आइस हॉकीसारखीच असते, आणि एका बाजूला गोलरक्षक धरून पाच खेळाडू असतात. ताईंच्या मुलीसाठी दुसरी अधिक जवळची आहे. साताऱ्यात पुरेशी मुले नसतील तर सांगली, कोल्हापूर, पुणे येथल्या मुलांबरोबर महिन्यातून एकदा सामना ठरवता येतो. आम्ही सुरुवातीची दोन वर्षे तसेच केले. पहाटेच्या गाडीने निघून चार सामने खेळून रात्री परत येणारी ती मुले आजही एकमेकांची मित्र आहेत.

विश्रामबाग ते ब्रॅम्प्टन

दोन्ही हॉकी एकत्र खेळायची झाल्यास एक बारकावा ध्यानात घ्यावा. मैदानी हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते, चेंडू त्याच बाजूने मारावा लागतो आणि सर्वांनाच उजवा हात खाली ठेवून खेळावे लागते. डावखुऱ्यांची वेगळी काठी नियमात नाही. आइस हॉकीत दोन्ही बाजूंनी पक खेळवता येतो आणि काठ्या डाव्या व उजव्या अशा दोन प्रकारच्या येतात. उजव्या हाताने जेवणारी, लिहिणारी कितीतरी मुले इथे उजवा हात वर ठेवून डाव्या बाजूने खेळतात. कारण काठीला दिशा देण्याचे काम वरचा हात करतो. म्हणून ताईंनी काठी विकत घेण्याआधी मुलगी झाडू कसा धरते हे फक्त पाहावे, सांगू नये. पाच महिने कोणीही न शिकवता ती जी पकड घेते आहे तीच तिची खरी बाजू असण्याची शक्यता जास्त आहे.

अपशिंगेचा माजी सैनिक

जय हिंद. मी सैन्यातून निवृत्त झालो असून अपशिंगे मिलिटरी येथे राहतो. सेवेतली काही वर्षे लडाखमध्ये गेली. ताईंच्या यजमानांनी पाठवलेले चित्रण जसे आहे तसेच तिथले हिवाळे मी पाहिले आहेत, म्हणून बर्फाकडील बाजू मी सांगतो.

लडाखमध्ये नैसर्गिक बर्फाचा हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच असतो. तो बर्फ आयता मिळत नाही. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला की तेथील लोक पाणी सोडून एकावर एक पातळ थर गोठवतात, खेळानंतर साचलेला भुगा झाडून काढतात आणि ऊन चढण्याआधी पुन्हा खेळायला उतरतात. पूर्वी साहित्य मिळत नसे तेव्हा लष्करी बुटांच्या तळाला पाती बसवून लोक खेळत असत. तिथे हा खेळ रुजवण्यात लडाख स्काउट्स आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचा मोठा हात आहे, आणि देशातल्या बलवान संघांत या दोन्ही दलांची गणना होते. भारताची आइस हॉकी संघटना १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. महिला संघ मात्र पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१६ मध्ये तैपेईला खेळला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या आहेत, आणि वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने घरच्या बर्फावर सराव करून त्या तिथवर पोचल्या. फलटणकरांच्या शंकेला माझे उत्तर एवढेच आहे की लडाखच्या मुलींनाही उरलेले नऊ-दहा महिने बर्फाशिवायच काढावे लागतात.

आता लेहमध्ये कृत्रिम बर्फाचे मैदान झाले आहे, सिमल्यात १९२० पासूनचे नैसर्गिक मैदान आहे, आणि डेहराडूनला महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या परिसरातील बंदिस्त रिंक दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे आशियाई स्तरावरची बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची स्पर्धाही झाली. मुलीला प्रथम बर्फावर न्यायचे असेल तर माझ्या मते डेहराडून किंवा सिमला बरा.

लेहला नेणार असाल तर एक सूचना कृपया काटेकोरपणे पाळा. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, मुलगी कितीही उतावीळ झाली तरी तिला बर्फावर सोडू नये. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे यांकडे ‘थकली असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये आणि तक्रार वाढत असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. धडधाकट जवानांचीही दमछाक मी तिथे पाहिली आहे. हातमोज्यांच्या आत पातळ लोकरीचे मोजे, पायात मात्र एकच मोजा. दोन मोजे घातले की बूट आवळून रक्त कमी पोचते आणि पाय अधिक गार पडतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर एक माणूस म्हणून लिहितो. वडील लांब असलेल्या मुलीने वडील जिथे आहेत तिथला खेळ निवडला आहे. माझी मुलगी लहान असताना मी पाठवलेल्या पत्रांतील डोंगरांची चित्रे काढत असे, ते मला आठवले. ताई, तिचे मन दुसरीकडे वळवू नका.

शाहूपुरी

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. शेवटचे उत्तर मी तिच्या वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही ठरवले ते असे. स्पीडचे स्केट्स घ्यायचे नाहीत; पुढच्या आठवड्यात सांगलीला माझ्या माहेरी जाणार आहोत, तेव्हा कृष्णाकाठ ताईंच्या रविवारच्या सरावाला तिला घेऊन येईन आणि माप तिथेच पाहून खरेदी करीन. मैदानी हॉकीचाही मार्ग मोकळा ठेवते. तिच्या शाळेत पुढच्या वर्षापासून हॉकी आहे आणि ती खेळू इच्छित असेल तर खेळेल. बर्फाबद्दल तिच्या वडिलांनी तिला असे वचन दिले आहे की चाकांवर दोन्ही बाजूंनी वळता आले, उलटे जाता आले आणि न पडता थांबता आले की येणाऱ्या नाही, पण त्यापुढच्या हिवाळ्यात तिला बर्फावर नेऊ. तिने या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवल्या आहेत. आणि हो, झाडू धरताना तिचा उजवा हात वर असतो; मी काही न बोलता तीन दिवस पाहिले.

दोन शंका उरल्या आहेत. साताऱ्याचा पावसाळा आता तोंडावर आला आहे. पुढचे तीन-चार महिने उघड्यावर सराव शक्यच होणार नाही, त्या काळात काय करावे? आणि घरच्या घरी काठीचा सराव करता येईल का?

कृष्णाकाठ

ओल्या जमिनीवर स्केट्स अजिबात घालू देऊ नका. चाके घसरतात हे एक कारण, आणि बेअरिंगमध्ये पाणी गेले की गंज चढून ती जाम होतात हे दुसरे. कधी चुकून भिजलीच तर चाके काढून कोरड्या कापडाने पुसावीत, पंख्याखाली रात्रभर वाळवावीत आणि बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब द्यावा. पावसाळ्यात लग्नसराई संपलेली असते, त्यामुळे ओळखीच्या एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल सकाळी तासभर मिळतो का ते विचारा. आम्ही तसाच मिळवला होता. मालकांना एवढेच पटवून द्यावे लागले की या चाकांनी फरशीवर ओरखडे पडत नाहीत. सहा-सात मुलांच्या पालकांनी मिळून विचारले तर नाही म्हणणे त्यांनाही कठीण जाते.

काठीसाठी सुताराकडून गुळगुळीत सनमायका लावलेल्या प्लायवुडचा चार बाय चार फुटांचा उरलेला तुकडा आणा. त्यावर लाकडी गोळा किंवा पक बर्फासारखाच घसरतो. रोज पंधरा मिनिटे, काठीच्या दोन्ही बाजूंनी पक डावीकडून उजवीकडे नेणे आणि ते करत असताना समोर भिंतीवर लिहिलेले शब्द मोठ्याने वाचणे, एवढेच करू द्या. वाचायला लावण्याचे कारण मान वर ठेवणे हे आहे, पाढेही चालतील. जोडीला एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे आणि उकिडवे बसून आडवे चालणे हे दोन व्यायाम पुरेत.

रविवारी साडेसहाला सराव सुरू होतो, तुम्ही सहाला या. गुडघ्यापर्यंत येणारे पातळ सुती मोजे घालून आणा, कारण आखूड मोज्यांवर बुटाची कड घोट्याला घासते. पहिल्या दिवसासाठी हेल्मेट आणि पॅड माझ्याकडचे देईन. तिच्या मापाचे स्केट्सही आमच्यातल्या एका मुलीचे लहान झालेले आहेत, ते आधी घालून पाहू आणि मगच तुम्ही दुकानात जा.